उंबऱ्याबाहेरचे बूट

फ्रँकफर्टच्या मोठ्या स्टेशनात, आठव्या फलाटाच्या तोंडाशी, एका लोखंडी खांबाला पाठ लावून श्रीरंग लोहार उभा असायचा. अंगात राखी कोट, कानांवर ओढलेली टोपी. हातात पाटी नाही, फूल नाही. तरी गाडीतून उतरलेला मराठी माणूस गर्दीतून नेमका त्याच्याकडेच चालत यायचा. पाटी का धरत नाहीस, असं कुणी विचारलं तर श्रीरंग म्हणायचा, "वासराला गाय दाखवावी लागते का?"

तो येरळेच्या काठचा. बाप गावचा लोहार, आई भाता ओढायची. लोखंड लाल कधी होतं आणि पिवळं कधी, हे त्याला अक्षरांच्या आधी कळलं. चौपन्न साली पुण्याच्या एका कारखान्यानं त्याला लेथचं काम शिकायला दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडलं. दोन वर्षं संपली तोवर तो कारखानाच बंद पडला होता. श्रीरंग राहिला. बोर्नहाइम भागात एका विधवेच्या घरी माळ्यावरची खोली, खिडकीत मिरचीचं एक रोप, भिंतीला बापाचा लहान हातोडा. सहा दिवस लोखंड कातायचं आणि रविवारी माणसं उतरवून घ्यायची, असा त्याचा आठवडा. त्याचा पत्ता पुण्या-मुंबईच्या कितीतरी खिशांतून फिरत होता. कुणी वाट दाखवल्याचं काही द्यायला गेलं, की तो दोन दिवस रागात असे.

फलाट सोडायच्या आत तो पाहुण्याला चुका सांगायचा. शहर कुठं पळून जात नाही, पण चूक पहिल्या घटकेतच होते, असं त्याचं म्हणणं. रस्ता मोकळा दिसला तरी दिवा लाल असेल तर उभं राहायचं, एकटे असलात तरी. फळवाल्याच्या मांडणीतलं फळ दाबून बघायचं नाही. इथं ते म्हणजे त्याला तोंडावर खोटं ठरवणं. दुपारी एक ते तीन कुणाच्या दाराची घंटा वाजवायची नाही. खानावळीत कोपऱ्यातलं गोल टेबल रिकामं दिसलं तरी बसायचं नाही. ते रोजच्या माणसांचं असतं, आणि त्यांतली काही माणसं आता येत नसली तरी खुर्च्या त्यांच्याच असतात. हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली यायचा.

एक चूक मात्र तो तोंडानं सांगत नसे. ती होऊच नये म्हणून पाहुण्याला लांबून वळसा घालून न्यायचा.

शहराच्या मधोमध, तांबड्या दगडाचं उंच चर्च आणि तीन शिखरांची नगरपालिका यांच्यामध्ये, एक मोकळं मैदान होतं. तिथं पूर्वी जुनं गावठाण होतं. लाकडी घरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतून चिमूटभर मीठ मागावं. चव्वेचाळीसच्या मार्चात विमानं आली आणि दोन-तीन रात्रींत सगळं जळून गेलं. ढिगारे उपसले, जमीन सपाट केली, आता तिथं मोटारी उभ्या राहत. रविवारी मोटारीही नसत. मग ते मैदान असं दिसे, की बोलता बोलता कुणीतरी मधेच गप्प झालंय.

तिथं रोज चार वाजता एक म्हातारी यायची. काळा कोट, हातात मेणकापडाची पिशवी. ती सरळ चालत नसे. चार पावलं पुढं, मग काटकोनात डावीकडं, मग थांबून हवेत हात घाली आणि दार लोटावं तसं काहीतरी लोटी. एका ठरलेल्या जागी पिशवीतून पुरुषाच्या बुटांची जोडी काढून जमिनीवर मांडी. टाचा जुळवून, नीट. आणि दिवे लागेपर्यंत त्या बुटांशेजारी उभी राही.

श्रीरंग आठ वर्षं हे बघत होता. जवळ कधी गेला नव्हता. पडकी विहीर आणि भरकटलेलं माणूस, दोन्हींत डोकावू नये, अशी त्याची समजूत होती.

बासष्टच्या ऑक्टोबरात, एका रविवारी दुपारी, आठव्या फलाटावर आत्माराम खटावकर उतरले. एका साखर कारखान्याचे केमिस्ट. नवी यंत्रं बघायला तिघांचं पथक आलं होतं. बाकीचे दोघे मुक्कामाच्या गावी लोळत पडले होते आणि हे एकटेच निघून आले होते. पन्नाशीला टेकलेले, चालताना किंचित चेहरा वाकडा करत होते.

"तुम्हीच का श्रीरंग लोहार?"

"जा."

"जा? अहो, आत्ता तर आलो!"

श्रीरंग हसला. "इथं 'हो'ला जा म्हणतात. आठ वर्षांत जीभ बाटली, साहेब. पायाला काय झालं?"

"बूट. परदेशासाठी म्हणून साताऱ्यात नवे कोरे घेतले. घरी करकर वाजायचे, इथं आल्यापासून चावतात."

"आल्झो, म्हणजे तर मग, पहिली चूक तिथंच झाली. ह्या गावाला नवे बूट घालून येऊ नये. बरं, दुसरी ऐका, रस्ता ओलांडताना…"

"श्रीरंगराव," आत्माराम म्हणाले, "मला गाव बघायचंच नाही. मला एका घरी जायचंय."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडीवर घडी घातलेला कागद काढला. शहराचा नकाशा होता, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला आणि मागून पातळ कापड चिकटवून जपलेला. मधल्या गल्ल्यांच्या गुंत्यात एका ठिकाणी पेन्सिलीची फुली होती. शेजारी बारीक मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: ब्रुनेनगासे, तिसरा मजला.

"छत्तीस सालचा नकाशा आहे," आत्माराम म्हणाले. "यशवंतदादानं पाठवलेला. माझा थोरला भाऊ. रंगांची रसायनं शिकायला आला होता, लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. लढाई लागली आणि परतीची वाट बंद झाली. एक्केचाळीसनंतर पत्र नाही. तपासाच्या कचेऱ्यांना लिहून लिहून बोटं झिजली. सगळीकडून एकच उत्तर येतं, पत्ता लागत नाही."

"आणि वहिनी?"

"सुधावहिनी अजून कुंकू लावतात. तिथीच माहीत नाही, तर श्राद्ध कुठल्या दिवशी घालायचं? दर पाडव्याला दादाच्या नावाचं ताट वाढतात. शेजारणी तोंडावर काही बोलत नाहीत, पण हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही ह्याचा विचार करतात. मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, भावजी, एकच शब्द आणा. हो किंवा नाही. मधलं काही आणू नका."

श्रीरंगनं नकाशाकडं पाहिलं. फुली कुठं पडते, ते त्याला लगेच कळलं होतं.

"साहेब, जुन्या नकाशावर भरवसा ठेवू नये. ही जागा आता नाही."

"घर नसेल."

"घर नाही, गल्ली नाही, जिच्यावरून ब्रुनेनगासे नाव पडलं ती विहीरही नाही. काही नाही."

"मग ते काही नाही दाखवा," आत्माराम म्हणाले. "वहिनींना सांगायला तेवढं तरी डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे."

आठ वर्षांत पहिल्यांदाच श्रीरंगनं वळसा न घालता पाहुण्याला सरळ मैदानाकडं नेलं.

माइन नदीवरून धुकं वर चढत होतं. चर्चचा मनोरा कमरेपासून वर दिसेनासा झाला होता. मैदानात एकही मोटार नव्हती. चारला पाच-दहा मिनिटं असतील. नगरपालिकेच्या बाजूनं आत्मारामांनी नकाशा उघडला, तो पाण्याच्या पातळीसारखा सपाट समोर धरला आणि चालू लागले.

श्रीरंगला वाटलं होतं, ते मैदान सरळ ओलांडतील. पण ते नकाशाप्रमाणं चालले. जिथं बाजाराचा रस्ता होता तिथून गेले, जिथं कोपरा होता तिथं वळले. त्या कोपऱ्यावर भिंत नव्हती, तरी खांदा लागू नये म्हणून अंग चोरलं. पुढं गल्ली अरुंद झाली असावी, कारण त्यांनी कोपरं जवळ घेतली. श्रीरंग मागून चालत होता. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, की आपणही अंग चोरलंय.

आणि समोरून, धुक्यातून, काळ्या कोटातली म्हातारी येत होती. तीही वळत होती, थांबत होती, चालत होती. दोघंही एकाच गावात चालत होती, आणि त्या गावात श्रीरंग एकटाच आंधळा होता.

आत्मारामांनी शेवटचं वळण घेतलं. त्यांच्या नव्या बुटांचा आवाज एकदम बदलला. इतका वेळ घट्ट वाजणारी जमीन आता पोकळ वाजली.

"सावकाश," म्हातारी म्हणाली.

उच्चार वाकडा होता, पण शब्द येरळेकाठचाच होता. आत्माराम जागच्या जागी थिजले. म्हातारी जर्मनमध्ये पुढं बोलू लागली. आवाजात राग होता, घरातल्या बाईला येतो तसा.

"काय म्हणतात?" आत्मारामांनी पुटपुटत विचारलं.

श्रीरंगनं मराठीत सांगितलं. "म्हणतात, न विचारता स्वयंपाकघरात आलात. आणि तेही चिखलाचे बूट घालून."

शहाणा प्रवासी यावर काय करील, ते श्रीरंगला माहीत होतं. माफी मागेल आणि निघून जाईल. पण आत्माराम खाली बघत दोन पावलं मागं सरले, उंबरा ओलांडताना उचलावा तसा पाय उचलून बाहेर आले. मग वाकले, नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले आणि उंबरा असेल तिथं, बाहेरच्या अंगाला, टाचा जुळवून ठेवले. मोज्यांनी पुन्हा आत गेले आणि हात जोडले.

म्हातारीच्या हातातली पिशवी खाली पडली.

ती त्या बुटांपाशी वाकली. मग पिशवी उचलली, आतली जोडी काढली आणि आत्मारामांच्या बुटांशेजारी ठेवली. चारही बूट एका मापाचे दिसत होते.

"असं एकच माणूस करायचा," ती म्हणाली. "आई त्याला हसायची. म्हणायची, हेर यशवंत, हे काय तुमचं देऊळ आहे? तो म्हणायचा, चूल आहे ना, मग झालं."

श्रीरंग एकेक वाक्य मराठीत करून सांगत होता. 'हेर यशवंत' म्हणजे यशवंतराव, हे सांगायची गरज पडली नाही.

तिचं नाव फ्राऊ केटलर, म्हणजे केटलरबाई. घर तिच्या आईचं, तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू यशवंत. त्या मार्चच्या रात्री सगळे तळघरात उतरले. फ्राऊ केटलर बिछान्यातून तशीच उठून आली होती, अनवाणी. वर घर पेटलं. शेजारच्या तळघरांच्या भिंतींना निसटायला भोकं पाडून ठेवलेली होती. एका तळघरातून दुसऱ्यात असं सरकत चौकातल्या कारंज्यापाशी वर निघायचं होतं. पण खालची फरशी तापली होती, काचा पडल्या होत्या. यशवंतनं स्वतःचे बूट काढून तिच्या पायांत घातले, घोट्याभोवती नाड्या आवळून बांधल्या. बूट मोठे, ती अडखळायची. तो मागून म्हणत राहिला, सावकाश, सावकाश. तिसऱ्या तळघरात कळलं की आई मागं राहिली. तो म्हणाला, तुम्ही पुढं व्हा, मी त्यांना घेऊन येतो.

"मग?" आत्मारामांनी विचारलं.

"मी कारंज्यापाशी वर निघाले. ते दोघं अजून निघायचेत."

"तारीख विचारा, श्रीरंगराव."

"बावीस मार्च," ती म्हणाली. त्या रात्रीचं काही विसरता येतं, हे तिला माहीतच नव्हतं.

आत्माराम बोटांवर काहीतरी मोजत होते. "त्या साली पाडवा पंचवीसला होता. तीन दिवस आधी. म्हणजे वहिनींनी त्या पाडव्याला ताट वाढलं तेव्हा…" त्यांनी बोटं मिटली. मग म्हणाले, "पण हे दादाचेच बूट कशावरून? बाईचं मन आहे. अठरा वर्षांत काहीही होतं."

तेव्हा श्रीरंग खाली बसला. अठरातली आठ वर्षं तो ते बूट लांबून बघत होता. त्यानं उजवा बूट उचलला आणि उलटा केला.

टाचेला नाल होता. कारखान्यातला नव्हे, ठोकून केलेला, तीन खिळ्यांचा. मधला खिळा तिरपा मारून आत वळवलेला, दगडी वाटेवर निसटू नये म्हणून. हे हातवळण श्रीरंग भात्यापुढं बसून शिकला होता. नाल त्याच्या बापानं केलेला नव्हता, पण बापाच्या शेजारच्या गावचा होता, एवढं तो शपथेवर सांगू शकला असता. आणि नालासकट टाच बाहेरच्या बाजूनं तिरपी झिजली होती.

"उजवा पाय फेंगडा टाकायचा दादा," आत्माराम म्हणाले. "म्हणून आई नाल मारून घ्यायची." त्यांनी तो बूट दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी धरला.

धुकं दाट झालं होतं. फ्राऊ केटलरनं हात पुढं केला. बूट परत मागत होती.

"हे मला न्यायचेत म्हणावं," आत्माराम म्हणाले. "वहिनींना दाखवायला. ह्याशिवाय माझा शब्द त्यांना पुरणार नाही."

श्रीरंगनं सांगितलं. बाईनं मान हलवली. ती आता म्हातारी दिसत नव्हती. जवळून पाहिल्यावर श्रीरंगला कळलं, हिचं वय फार तर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असेल.

"नाही म्हणतात," तो म्हणाला. "म्हणतात, तो अनवाणी आहे. बूट नेलेत तर वर आल्यावर काय घालील?"

आत्मारामांना म्हणता आलं असतं, की बाई, तो मेला. श्रीरंगला म्हणता आलं असतं. दोघांपैकी कुणी म्हणालं नाही. आत्माराम आपल्या वहिनीसाठी शब्द न्यायला आले होते. इथल्या बाईनं शब्द मागितला नव्हता.

शेवटी आत्मारामांनी उंबऱ्याबाहेरची आपली जोडी उचलली आणि तिच्यापुढं ठेवली.

"माझं माप तेच आहे म्हणावं. लहानपणी दादाचे जुने बूट मला यायचे. आज पहिल्यांदा माझे त्याला."

फ्राऊ केटलरनं एक बूट हातात घेतला, आत हात घालून बघितला, नाडी ओढून बघितली. मग म्हणाली, "चांगले आहेत. नवे आहेत. त्याला लांब जायचं असेल." आणि जुनी जोडी स्वतःच्या हातानं पिशवीत घालून पिशवी आत्मारामांना दिली.

निघताना ते जिथून आत आले होते तिथूनच बाहेर पडले. श्रीरंग म्हणाला, "दुकानं बंद आहेत. तोवर दादांचेच घाला."

"छे. हे आता वहिनींचे."

मोठ्या रस्त्यावर दिवा लाल होता. धुक्यात दोन्ही बाजूंना एक वाहन नव्हतं, माणूस नव्हतं. साखर कारखान्याचे केमिस्ट ओल्या मोज्यांनी फुटपाथच्या कडेला उभे राहिले, पिशवी पोटाशी धरून, दिवा हिरवा होईपर्यंत.

"एकटे असलात तरी," ते स्वतःशीच म्हणाले.

आत्मारामांचं पत्र आलं ते पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. वहिनींनी पिशवीतून बूट काढले, उलटे केले, टाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हेच. दुसरं काही विचारलं नाही. आडावर जाऊन तोंड धुतलं ते कपाळ मोकळं करूनच आत आल्या. पाडव्याला तीन दिवस असताना पहिलं श्राद्ध घातलं. पाडव्याला ताट वाढलं नाही, आणि त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या, असं आत्मारामांनी मुद्दाम लिहिलं होतं.

श्रीरंग ते पत्र खिशात घालून त्या रविवारी चार वाजता मैदानात गेला. आता तो वळसा घालत नसे. बाजाराच्या रस्त्यानं जाई, कोपऱ्याला वळे, गल्लीत अंग चोरी आणि उंबऱ्याशी बूट काढी. फ्राऊ केटलर मानेनंच 'या' म्हणे. पत्रातलं तिला काय सांगायचं, याचा विचार करत तो उभा होता. आत्मारामांचे साताऱ्याचे बूट नेहमीच्या जागी होते. धूळ पुसलेली, नाड्या सैल सोडलेल्या. त्या जागेवरून ते फक्त पिशवीत जात आणि पिशवीतून त्या जागेवर येत. बाईचे पाय लहान होते. ते तिनं घातले तर दोन पावलंही टाकता आली नसती.

आठ वर्षं बूट उलटून न बघितल्याची चूक त्याला पुरली होती. तो वाकला आणि त्यानं उजवा बूट उलटा केला.

टाच बाहेरच्या बाजूनं झिजली होती. तिरपी, बोटाला लागेल इतकी. चामड्याचा एक थर पार गेला होता. डाव्या बुटाची टाच कोरी होती.

श्रीरंगनं बाईकडं पाहिलं. ती चर्चच्या दिशेनं, जमिनीकडं बघत होती. पत्र त्याच्या खिशातच राहिलं.

सोमवारी कामाची सुट्टी झाल्यावर तो कारखान्यात मागं थांबला. भट्टीतून लोखंडाचा एक तुकडा पिवळा होईतो तापवला, बापाच्या हातोड्यानं ठोकला, वाकवला, तीन भोकं पाडली. पुढच्या रविवारी उंबऱ्याबाहेर बसून त्यानं तो नाल उजव्या टाचेला मारला, मधला खिळा तिरपा, आत वळवलेला. ठोकण्याचा आवाज खालच्या पोकळीत उतरत गेला, एका तळघरातून दुसऱ्यात गेल्यासारखा, आणि चौकातल्या कारंज्याच्या बाजूला जाऊन थांबला.

"आता निसटणार नाही," तो म्हणाला.

फ्राऊ केटलरनं बूट त्याच्या हातातून घेतले आणि जागेवर ठेवले, टाचा जुळवून.